गढीपर्यंत पोचायचं कसं: खानदेशातल्या घराण्याचा माग

खानदेशातल्या बहुतेक घरांत घराण्याचा शोध एका वाक्यावर सुरू होतो आणि तिथेच थांबतो: "आपली गढी होती तिकडे." तिकडे म्हणजे कुठल्या गावाला, गढी कोणाच्या नावावर होती, आणि "आपली" म्हणजे आपल्या पणजोबांची की गावच्या पाटलांची, हे विचारलं की घरातली मंडळी एकमेकांकडे बघतात. या प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळतात. फक्त कागद कुठल्या क्रमाने काढायचे ते माहीत हवं, नाहीतर तहसीलच्या चकरा होतात आणि हाती लागते दुसऱ्याच घराची वंशावळ.

इंग्लंडात १५३८ पासून चर्चच्या वहीत बारसं, लग्न आणि दफन लिहायची सक्ती झाली. तिथला माणूस त्या वहीतून एकेक पिढी मागे जातो आणि शेवटी जमीनदाराच्या मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या, दप्तराशी पोचतो. आपल्या देवळांनी अशी वही ठेवली नाही. राज्य फारुकींचं असो, मोगलांचं असो की पेशव्यांचं, त्यांना माणसाच्या जन्माशी कर्तव्य नव्हतं, शेतसाऱ्याशी होतं. म्हणून आपल्याकडे माणसाच्या मागे लागायचं नाही, त्याच्या जमिनीच्या मागे लागायचं. माणूस जमिनीच्या कागदात आपोआप सापडतो, बापासकट आणि भावांसकट.

आधी घरात

पहिले दोन-तीन रविवार घरातच घाला. सगळ्यात म्हातारं माणूस गाठा, आणि शक्यतो बाई गाठा. पुरुषांना जमिनीचे वाद आठवतात, बायकांना नाती. विचारताना "आपलं मूळ गाव कोणतं" असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. असं विचारा: कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट कोणाकोणात वाटले जायचे? सुतक कोणाचं धरायचो? जाऊळ काढायला कुठे जायचो? लग्नाआधी पहिली पत्रिका कोणत्या देवीला जायची?

रोटांचा प्रश्न खास खानदेशचा आणि फार कामाचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटांसाठी गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात, आणि ते रोट भाऊबंदकीच्या बाहेर जात नाहीत. म्हणजे रोट कोणाकोणात खाल्ले जात होते ही यादी म्हणजे तुमच्या भाऊकीची यादी. दुसऱ्या तालुक्यातलं एखादं घर त्या यादीत असेल तर ते कधीतरी फुटून गेलेली शाखा आहे, किंवा फुटून आलेले तुम्ही आहात.

कुलदेवी हाही धागा आहे, पण जाडा. म्हसदीची धनदाई, पाटणची आशापुरी, यावलकडची मनुदेवी, धुळ्याची एकविरा, वणीची सप्तशृंगी यांना मानणारी कुळं शेकड्याने आहेत. देवी एक म्हणून घराणं एक ठरत नाही. उलट नक्की ठरतं: दोन घरांचं आडनाव एक पण देवी आणि देवक वेगळं असेल तर ती दोन वेगळी कुळं आहेत असं धरून चाला.

नावं लिहून घेताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, हाकेची नावं. जिभाऊ, आबा, नाना, अण्णा, तात्या, आप्पा ही कागदावर कुठेच नसतात. "जिभाऊंचं कागदावरचं नाव काय?" हे लगेच विचारा. ज्याला ते आठवतं असा शेवटचा माणूस बहुधा तुमच्यासमोरच बसलेला असतो. दोन, पाटील. खानदेशात पाटील हे किती वेळा आडनाव आहे आणि किती वेळा हुद्दा, हे सांगणं अवघड. जुन्या कागदात तेच घर पवार, निकम, देवरे, मोरे, शिंदे, सूर्यवंशी, सिसोदे असं कुळीने लिहिलेलं असू शकतं. देशमुख, कुलकर्णी, चौधरी, महाजन यांचंही तसंच. कुळी माहीत नसेल तर पुढचं दप्तर उघडू नका, आधी कुळी काढा. लग्न जमवताना ती विचारली जातेच, म्हणून सोयरिकी जमवणाऱ्या नातेवाइकाला ती हमखास ठाऊक असते.

दगडू, धोंडू, उखर्डू, भिका, फकिरा अशी नावं दिसली तर बाजूला खूण करा. आधीची मुलं गेली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम असं हलकं नाव ठेवत. त्या घरात त्याआधीच्या चार-सहा वर्षांत बालमृत्यूच्या नोंदी असण्याची शक्यता मोठी, आणि त्या नोंदीत बापाचं नाव असतं.

गाव नक्की करणं

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. खानदेशात एकाच नावाची गावं ढिगाने आहेत: वडगाव, पिंप्री, पिंपळगाव, वाघोदे. त्यांना वेगळं करण्यासाठी बुद्रुक आणि खुर्द लागतं, आणि तेही पुरत नाही तेव्हा प्रगणा किंवा तर्फ, म्हणजे जुना महसुली विभाग, लागतो. शहादा तालुक्यात मोहिदे दोन आहेत, एक तर्फ हवेली आणि एक तर्फ शहादा. कागदावर हे फक्त त. ह. आणि त. श. एवढंच असतं. प्रगण्याचं प्र. तसंच. हे दोन-तीन अक्षरांचं शेपूट शोभेचं समजून सोडून दिलं तर तुम्ही वर्षभर शेजारच्या गावच्या लोकांची वंशावळ जमवत बसाल.

मग तालुका. आजच्या तालुक्याच्या नावाने जुनं दप्तर मागितलं तर कारकून "नाही" म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं. १८८० च्या सुमारास आजची साक्रीकडची गावं पिंपळनेर तालुक्यात होती, शिंदखेड्याकडची विरदेलमध्ये, रावेर-यावलची सावद्यात, जळगावची नशिराबादेत. धरणगाव बरीच वर्षं एरंडोल तालुक्यात होतं. मुक्ताईनगर जुन्या कागदात एदलाबाद म्हणून शोधा. मालेगाव, बागलाण, नांदगाव हा पट्टा १८६९ पर्यंत खानदेशात होता, त्या साली नाशिक जिल्हा झाला आणि तो तिकडे गेला. म्हणून सटाण्याकडच्या, म्हणजे बागलाणातल्या, घराण्याचे त्याआधीचे उल्लेख खानदेशाच्या नावाखाली येतात.

जिल्हाही तसाच बदलला. १९०६ पर्यंत एकच खानदेश आणि ठाणं धुळ्याला. १९०६ ला पूर्व खानदेश जळगावकडे आणि पश्चिम खानदेश धुळ्याकडे असे दोन झाले. १९६० नंतर ते जळगाव आणि धुळे झाले, १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा निघाला. जळगावच्या माणसाने १९०६ च्या आधीचं काही शोधायचं असेल तर धुळ्याला विचारल्याशिवाय "नाही" हे उत्तर मान्य करू नये. नंदुरबारच्या माणसाने तर १९९८ च्या आधीचं सगळंच धुळ्याच्या नावाने मागायचं.

आणि गाव आहे का, हेही बघा. १८७२ च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरेला मोठा पूर आला, नदीकाठची घरंदारं गेली. उकाईच्या जलाशयाने नवापूरकडची गावं घेतली, सरदार सरोवराने नर्मदाकाठची. तापीकाठी पुनर्वसित गाव जुन्याच नावाने नव्या जागी बसलेलं असतं. तिथे गढी शोधत फिरण्यात अर्थ नाही, जुनं गावठाण पाण्याखाली असतं.

जमिनीचे कागद, उलट्या क्रमाने

आजचा सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत निघतो, पण तो शोधाला जवळजवळ निरुपयोगी. त्यात आजची नावं आहेत, गेलेल्यांची नाहीत. तुम्हाला हवा आहे हस्तलिखित सातबारा. त्यात उतरलेल्या माणसाचं नाव खोडत नाहीत, नावाला कंस करतात, आणि शेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. खरा खजिना फेरफारात.

वर्तुळातले सगळे आकडे एका कागदावर उतरवून घ्या आणि तेवढेच फेरफार मागा, गाव नमुना ६. सोबत वारस नोंदवही, म्हणजे ६क. "आमच्या गटाचे सगळे फेरफार द्या" असा अर्ज केला तर तो टेबलाखालच्या गठ्ठ्यात जातो. क्रमांक लिहून दिले की काम होतं.

वारसाच्या फेरफाराचा मजकूर साधारण असा असतो: खातेदार अमुक वलद (म्हणजे मुलगा) तमुक हे अमुक तारखेस मयत, वारस मुलगे तीन, पैकी वडील मुलगा ए. कु. क., धाकटा अज्ञान (म्हणजे वयात न आलेला), अ. पा. क. आई. यातून एका दमात मृत्यूची तारीख, बापाचं नाव, तिन्ही मुलं आणि त्यांचा वयाचा क्रम मिळतो. ए. कु. क. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, काही ठिकाणी ए. कु. मॅ., म्हणजे मॅनेजर. अ. पा. क. म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. हे माहीत नसलेले लोक ए. कु. क. ला एकटा वारस समजतात आणि भावांच्या शाखा गाळून टाकतात. खातं एकाच्या नावावर दिसतं, कारण सारा एकाने भरायचा. मालक सगळे असतात.

मयताची तारीख आणि फेरफाराची तारीख यांत पाच, दहा, कधी पंचवीस वर्षांचं अंतर असतं. कर्ज काढायची वेळ येईपर्यंत वारस कोण लावतो? फेरफाराची तारीख मृत्यूची म्हणून लिहू नका. मुलींची नावं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारात सहसा नसतात. ती नाहीत म्हणजे मुली नव्हत्या असं समजू नका.

मागे जाताना दोन खड्डे येतात. पहिला गटवारीचा. जमिनींच्या एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. योजना लागू झाल्यावर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गट नंबरावर जुना कागद मागितला तर कोणा भलत्याचं शेत निघतं. म्हणून भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचं एकत्रीकरणाचं पत्रक आधी काढा, मग सर्व्हे नंबर घेऊन मागे चला. दुसरा खड्डा हक्कनोंदीच्या सुरुवातीचा. हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफार विसाव्या शतकाच्या पलीकडे जात नाहीत. त्याच्या मागे मोजणीचे कागद लागतात: कडईपत्रक, सूड, फाळणी बुक. खानदेशातली मोजणी १८५० च्या दशकात सुरू झाली. गावच्या पहिल्या मोजणीच्या कागदात तुमच्या सर्व्हे नंबरापुढे ज्याचं नाव आहे, तो बहुतेक घरांसाठी कागदावर सापडणारा सगळ्यात जुना पूर्वज. तिथपर्यंत पोचलात तर पाच-सहा पिढ्या हाती आल्या. पुष्कळांसाठी शोध इथे संपतो आणि त्यात काही कमीपणा नाही.

कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायचे. अर्जात गावाचं पूर्ण नाव, शेपटासकट, नमुन्याचं नाव, क्रमांक आणि अंदाजे वर्ष लिहा. धुळ्यासह काही जिल्ह्यांचे जुने कागद आपले अभिलेख या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत, आधी तिथे बघा. अर्ज अडलाच तर माहितीच्या अधिकारात टाका: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, नकलेला पानामागे दोन रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात "का" असा प्रश्न विचारू नका, "प्रत द्यावी" एवढंच लिहा. आणि नक्कल मागण्याआधी अवलोकन मागा. स्वतः वही चाळायला मिळाली तर शेजारच्या पानावर चुलत शाखा दिसते, नकलेत ती येत नाही.

कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर

गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे या वह्या बांधावरच्या माणसालाही ठाऊक झाल्या, आणि त्यांची बरीच पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. तुमच्या शोधाला हा आयता फायदा आहे, जात कोणतीही असो. मात्र ही स्कॅन पानं निवडक असतात, अख्खी वही नसते. तुमचं नाव त्यात नाही म्हणजे वहीत नाही असं नव्हे.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, "मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच, पण बाप, जात आणि तारीख असते. मृत्यूच्या नोंदीतलं वय चाळीस, पन्नास, साठ असं गोल केलेलं असतं. त्यावरून जन्मसाल काढलंत तर पुढेमागे दहा वर्षं धरा. मृत्यूच्या कारणात पटकी, देवी, ताप, प्लेग हे शब्द येतात. १९१८ च्या पावसाळ्यानंतर सलग पानंच्या पानं तापाने भरलेली दिसली तर ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ. त्या पानांत एकाच घरातले तिघं-चौघं आठवड्यात गेलेले सापडतात आणि पोरक्या झालेल्या नातवाचं नाव पुढे मामाच्या गावच्या शाळेत निघतं.

जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत जनरल रजिस्टर असतं. मुख्याध्यापकांकडे प्रवेश-निर्गम उतारा मागा. जन्मतारीख १ जून दिसली की ती गुरुजींनी ठेवलेली आहे असं समजा. वर्षही अदमासाचंच. नाव, बापाचं नाव, जात आणि "पूर्वीची शाळा" हा रकाना मात्र विश्वासाचा. पूर्वीच्या शाळेवरून घर कोणत्या साली कुठून हललं ते कळतं. सुरतेला, भुसावळला रेल्वेत, गिरणीत गेलेल्या घरांचा मधला दुवा बऱ्याचदा इथेच मिळतो.

वतनाचे कागद

ज्यांच्याकडे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण होतं त्यांना एक वेगळी वाट मोकळी आहे. १८७४ च्या वतन कायद्याने वतनदारांची आणि काम करणाऱ्या प्रतिनिधींची रजिस्टरं ठेवली गेली. आळीपाळीने काम कोणत्या शाखेकडे यायचं ते ठरवायला वंशावळ जोडावी लागे, म्हणून त्या प्रकरणांत सरकारी शिक्क्याच्या वंशावळी सापडतात. परगणा आणि कुलकर्णी वतनं १ मे १९५१ ला गेली, मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ ला. जमीन परत मिळवतानाच्या त्या वर्षांतल्या अर्जांतही वंशावळी आहेत. हे फक्त वाड्यातल्यांचं नाही. महार वतनाच्या आणि इतर बलुत्यांच्या कनिष्ठ वतनांच्या नोंदीही अशाच आहेत, ती वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. हाडोळा या नावाने ओळखलं जाणारं शेत गावात असेल तर त्याच्या सर्व्हे नंबरावरून सुरुवात करा.

वतनी वंशावळ मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. ती दाव्यात दिलेली आहे. ज्या शाखेला डावलायचं तिला "निपुत्रिक" लिहून संपवल्याची उदाहरणं कमी नाहीत. दुसऱ्या पक्षाची वंशावळ त्याच प्रकरणात असते, ती वाचल्याशिवाय पहिली खरी मानू नका. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीचा मान कोणाचा, हे आज गावात विचारलंत तरी वडील शाखा कोणती मानली जाते ते कळतं, आणि भांडण अजून चालू असेल तर तेही कळतं.

नामावळी आणि भाटांच्या वह्या

त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. पूर्वज श्राद्धाला, सिंहस्थाला गेले की तिथे स्वतःचं, बापाचं, आज्याचं, भावांचं आणि मुलांचं नाव लिहून देत. कधी स्वतःच्या अक्षरात, कधी निशाणी अंगठा. आडनाव सांगितल्यावर पान निघत नाही. गाव, जात आणि कुळी तिन्ही सांगावी लागतात, कारण वह्या त्यावर लावलेल्या असतात. आधी तुमच्या गावचे उपाध्ये कोण ते शोधा, गर्दीच्या दिवशी जाऊ नका, फोटो विचारून काढा, दक्षिणा द्या आणि स्वतःच्या आजच्या पिढीची नावं लिहून या. लेवा, गुजर आणि राजपूत घरांत भाट वही घेऊन येण्याची चाल होती. शेवटचा भाट कधी आला आणि कुठून आला हे घरात विचारा.

भाटाच्या वहीचा खालचा अर्धा भाग सोन्यासारखा असतो, वरचा अर्धा गोष्टीसारखा. शेवटच्या सहा-सात पिढ्या जमिनीच्या कागदाशी जुळतात. त्याच्यावर एकदम चितोड, पावागड किंवा सूर्यवंश येतो. मध्ये किती पिढ्या गेल्या ते मोजून पाहा. एका पिढीला पंचवीस ते तीस वर्षं धरली तर १८१८ पासून आजपर्यंत सात-आठ पिढ्या होतात. चारशे वर्षांत पाचच नावं असतील तर साखळी तुटलेली आहे. चौकटीत बोधचिन्ह छापून विकत मिळणाऱ्या कुळीच्या वंशावळींवर तर पैसे घालूच नयेत.

१८१८ च्या पलीकडे

इथून पुढे मोडी लागते. सगळी शिकायची गरज नाही. स्वतःची कुळी, गावाचं नाव, आकडे आणि चार शब्द ओळखता आले तरी कामाचं पान वेगळं काढता येतं: मौजे म्हणजे गाव, मोकदम म्हणजे पाटील, बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. त्यामुळे नाव शोधताना आजच्या शुद्धलेखनावर अडून बसू नका. पानं निवडून झाली की मग लिप्यंतरकाराकडे द्या. अख्खा गठ्ठा त्याच्यासमोर टाकला तर पैसे पानांवर जातात, पूर्वजावर नाही.

सालाचा हिशोब चुकला की पिढी चुकते. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत येतो. समजा लिहिलंय: समान अशर मयातैन व अलफ. समान आठ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. बेरीज १२१८. त्यात ५९९ मिळवले की १८१७, आणि हे साल मृगापासून सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे मधली तारीख असेल तर ६०० मिळवून १८१८. फसली सन असेल तर दक्षिणी फसलीत ५९०, मृगाआधीच्या महिन्यांना ५९१. शकात ७८, पौषातल्या उत्तरार्धापासून ७९. तारखेच्या आधीचं "छ" म्हणजे मुसलमानी महिन्याचा चंद्र.

कागद कुठे? पुण्याचं पुराभिलेखागार, जिथे पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. त्यात प्रांत अजमासाचे खानदेशाचे रुमाल मागा, गावनिहाय उत्पन्नाचे हिशोब तिथे असतात. इनाम असेल तर इंग्रजांच्या इनाम कमिशनचे कागद, त्यात इनामदाराने हक्क सिद्ध करायला वंशावळ दिलेली असते. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांच्या संग्रहांत खानदेशी घराण्यांचे कागद आणि हस्तलिखितं आहेत. पण अख्खा खानदेश पेशव्यांचा नव्हता, होळकर आणि शिंदे यांचेही महाल होते. तुमचं गाव होळकरांकडे असेल तर पुण्यात हात रिकामेच राहतील.

आणि कितीतरी साखळ्या १८०३-०४ ला तुटतात. होळकरांच्या स्वाऱ्या आणि त्यापाठोपाठचा दुष्काळ यांनी खानदेश ओस पडला. १८१८ नंतर धुळ्याला बसलेल्या इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने गावं पुन्हा वसवायला घेतली तेव्हा आलेली माणसं सगळी जुनीच नव्हती. तुमचं घर १८२० च्या आसपास "आलं" असं दिसलं तर शोध चुकला असं समजू नका. कुठून आलं हे विचारायला तिथून सुरुवात होते, आणि त्याचं उत्तर बहुधा कुलदेवी आणि रोटांच्या यादीत दडलेलं असतं.

गढीवर

आता जागेवर. गढी आणि घराणं यांची गाठ कागदाने मारायची, आडनावाने नाही. गढी पाटीलकीच्या हुद्द्याबरोबर फिरली असेल, गहाण पडली असेल, जप्त झाली असेल. पारोळ्याचा किल्ला १७२७ चा, जहागीरदारांचा, आणि १८५७ नंतर तो सरकारने घेतला. अशा ठिकाणी आजचा उतारा काढून पूर्वीचा मालक कळणार नाही. गावठाणातल्या जागेसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका, आणि दुय्यम निबंधकाकडची जुनी खरेदीखतं बघा. खरेदीखतातली चतुःसीमा नीट वाचा. "पूर्वेस गढीचा बुरूज" अशी ओळ शेजाऱ्याच्या खतात मिळते, तुमच्या खतात मिळत नाही. म्हणून शेजाऱ्यांचीही खतं काढा.

जायचं चैत्र-वैशाखात, गवत वाळलेलं असताना. पावसाळ्यात आणि लगेच नंतर मातीच्या भिंती सुटतात आणि बिळांत साप असतात. बुरुजावर चढू नका. खानदेशातली गढी बहुधा खाली दगडाची, वर विटांची किंवा पांढऱ्या मातीची. ती पांढरी माती धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांवर टाकायला उत्तम, पाणी धरून ठेवते आणि गळू देत नाही. म्हणून गावाने गढी हळूहळू आपल्या छपरांवर नेलेली असते. आज दोन पुरुष उंचीचा ढिगारा दिसतो तिथे चार पुरुष उंचीची भिंत असू शकते. चारही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येकात माणूस उभा करा म्हणजे उंची कळेल. तळातल्या दगडांची रांग शोधा, तीच मूळ बांधणीची रेघ. ती पावलांनी मोजून गाव नकाशावर आणि मिळकत पत्रिकेच्या आकृतीवर धरा. लांबी-रुंदी आणि शेजार जुळला तर जागा तीच. मग कुठल्या घराने कोणत्या साली माती नेली ते आसपासच्या म्हाताऱ्या बायांना विचारा. भिंत कधी कुठवर होती हे त्यांना वर्षासकट सांगता येतं, कारण धाबं टाकलं ते साल त्या विसरत नाहीत.